कोरी पुडी

माझ्या दुकानात येऊन कुणी नुसतं ‘ज्येष्ठमध द्या’ म्हणालं तर ते मिळत नाही. आधी तीन प्रश्न. कोणासाठी हवं आहे? सोबत कोणती औषधं चालू आहेत? आणि छातीतल्या जळजळीसाठी हवं असेल तर तिसरा, घास अडकतो का? तिन्हींची उत्तरं मिळाली की मी तागडी हातात घेते, पुडी बांधते आणि पुडीवर पेन्सिलीनं नाव, किती घ्यायचं ते आणि बंद करायची तारीख लिहिते. नियम बाबांचा. ते म्हणायचे, औषध सुरू कधी करायचं ते दुखणं सांगतं. बंद कधी करायचं ते सांगायला आपण इथे बसलो आहोत.

हे तीन प्रश्न माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलेल्या पाटीवर आहेत, हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं. पाटी दादानं रंगवली, माझ्या थोरल्या भावानं. तिसऱ्या प्रश्नाखाली एक जास्तीची ओळ आहे: ‘अडकत असेल तर पुडी नाही, आधी डॉक्टर.’ घास अडकणं हे अन्ननलिकेतल्या गाठीचं लक्षण असू शकतं, म्हणून ती ओळ बाबांनी मागाहून घालायला लावली आणि जागा कमी पडली म्हणून दादानं बारीक अक्षरांत बसवली.

गिऱ्हाइकं चिडतात. एका बाईंनी मला विचारलं होतं, तुम्ही मुळ्या विकता की चौकशी खात्यात आहात? माझी जीभही गप्प बसणारी नाही. मी म्हटलं, चौकशी फुकट आहे, मुळीचे पैसे पडतात, तेव्हा फुकटचं आधी घ्या. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती आणि सुंठीची पूड डबाभर हवी होती. दिली नाही. दुसरे एक गृहस्थ रोज पाण्यातून खायचा सोडा घेत होते आणि वर पुदिन्याचा काढा पीत होते. त्यांना सांगितलं की सोड्यातून मीठच पोटात जातं, पुदिन्यानं जठराच्या तोंडाची झडप आणखी सैल पडते, आणि पोटभर जेवून अर्ध्या तासात आडवं होणाऱ्याला कुठलीच मुळी वाचवू शकत नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा, झोपायच्या तीन तास आधी जेवण उरका, एवढं सांगून रिकाम्या हातानं परत पाठवलं. ते बरे झाले आणि पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. असा चालतो माझा धंदा.

आणि माझ्या सख्ख्या भावाला मी हे तीन प्रश्न आठ महिन्यांत एकदाही विचारले नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले.

दादा घरं रंगवतो. खरं म्हणजे दुकान त्याचं व्हायचं, थोरला म्हणून. पण लहानपणी तो दुकानात शिरला की शिंकायला लागायचा तो बाहेर पडेपर्यंत थांबायचा नाही. बाबांनी शेवटी हात टेकले आणि मला तागडीशी बसवलं. सहा वर्षांची मी कागदाच्या पुड्या घालायची, म्हणून दादानं माझं नाव पुडी ठेवलं. पन्नाशी उलटली तरी त्याच्या तोंडी मी पुडीच. दुकान गेल्याचं त्यानं कधी मनात ठेवलं नाही. उलट दर तीन वर्षांनी येऊन भिंती रंगवून द्यायचा आणि मजुरीचं नाव काढलं की म्हणायचा, शिंका आल्या तेवढ्या बस झाल्या.

रंगाऱ्याचं पोट दिवसभर दुमडलेलं असतं. भिंतीच्या तळाची पट्टी रंगवायची तर तासन्‌तास ओणवं बसायचं, छत रंगवायचं तर मान मागे टाकून उभं राहायचं. जेवणाची वेळ ठरलेली नाही, आणि जेवण झालं की रिकाम्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून पंधरा मिनिटं आडवं व्हायचं. अशानं आंबट पाणी घशाशी येणार नाही तर काय होणार? एका बुधवारी काम संपवून तो दुकानात आला, छातीवर मूठ ठेवली आणि हसत म्हणाला, पुडी, इथे चूल पेटली आहे.

मी तागडीला हात लावला नाही. बरणीतून चमच्यानंच ज्येष्ठमधाची पूड भरली. प्रश्न कसले विचारायचे? कोणासाठी ते समोर दिसत होतं. औषधं काय घेतो ते मला ठाऊक असणारच, माझाच भाऊ. पुडीवरही काही लिहिलं नाही. आमच्याकडे घरच्या माणसाची पुडी कोरीच असते. बाबा आम्हाला द्यायचे तीही कोरी असायची. घरच्याच्या पुडीवर नाव-तारीख घालणं म्हणजे आईनं वाढलेल्या ताटाला चिठ्ठी चिकटवण्यासारखं वाटायचं मला. रोज एक चमचा कोमट पाण्यातून घे, म्हटलं, आणि चहा कमी कर. चहा कमी करायचा सल्ला त्यानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिला.

पुडी मात्र लागू पडली. दुसऱ्या बुधवारी तो खुशीत आला आणि दुसरी घेऊन गेला. मग तिसरी. गिऱ्हाइकाला मी चार आठवड्यांच्या वर ज्येष्ठमध देत नाही, हात जोडले तरी देत नाही. दादाला पाचवा आठवडा कधी लागला ते माझ्या लक्षातही आलं नाही. मध्ये एकदा तो म्हणाला, दोन दिवस नाही घेतली तर दुप्पट जळतं. मी म्हटलं, मग दोन चमचे घे, पुड्याही जास्त ने. असं म्हणताना मी दुसऱ्या कुणासाठी तरी ओवा निवडत होते, मान वर करून त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं.

पाहिलं असतं तर दिसलं असतं. नाही, हे खोटं आहे. दिसत होतं. त्याचा पट्टा दोन भोकं आत आला होता आणि तिसरं भोक वहिनीनं खिळ्यानं पाडलं होतं. मी म्हटलं, चला, ढेरीही पुडीनंच नेली, आता जास्त पैसे लावते. जेवताना तो प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घ्यायला लागला होता, भाकरी भिजवून मऊ करून खायचा. मी म्हटलं, काय रे, पहिल्यांदा सासरी आलेल्या जावयासारखा जेवतोस. सगळे हसले, तोही हसला. त्याचे घोटे सुजायचे, तर दिवसभर शिडीवर उभं राहिल्यावर सुजणारच. पोटऱ्यांत गोळे यायचे, तर वय झालं. एकदा दुकानातल्या फळीला रंगाचा हात देताना त्याच्या हातातून ब्रश गळून पडला. तो वाकून ब्रशकडे बघत राहिला, उचलायला त्याला वेळ लागला. त्यावर मी काय म्हणाले ते आता आठवत नाही, पण काहीतरी विनोदीच म्हणाले असणार.

वहिनीनं एकदा विचारलं होतं. स्वयंपाकघरात दोघीच होतो. ती म्हणाली, ताई, इतके महिने चालतं ना हे? मी तिला म्हटलं, “वहिनी, तुमच्या भाजीत मीठ किती घालायचं ते मी कधी सांगते का?” तिनं पुढे काही विचारलं नाही. माझ्या तोंडाला तोंड देणारी माणसं आमच्या घरात नाहीतच, आणि याचा मला आजवर अभिमान होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या दुकानासमोर गोळ्या-औषधांचं दुकान आहे. त्यावर माझा एक ठरलेला विनोद होता: समोरून माणूस चार गोळ्या नेतो आणि पाचवी त्या चारींचा त्रास कमी करायला नेतो. हा विनोद मी दादासमोर किती वेळा केला असेल, मोजदाद नाही. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा.

मंगळवारी दुपारी पावणेतीनला वहिनीचा फोन आला. एका इमारतीचा जिना रंगवण्याचं काम चालू होतं. घोड्याच्या, म्हणजे दुहेरी शिडीच्या, तिसऱ्या पायरीवर असताना दादाचे पाय गेले. पडला फार उंचावरून नाही, लागलंही विशेष नाही, पण त्याला उठून उभंच राहता येईना आणि छातीत धडधड थांबेना. बरोबरच्या माणसांनी दवाखान्यात नेलं होतं. मी समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं आणि दुकानाची फळी लावली. कुलूप लावताना किल्ली तीनदा चुकीच्या बाजूनं घातली.

वॉर्डात पोचले तेव्हा दादाच्या छातीला तारा चिकटवल्या होत्या आणि डोक्याशी यंत्र टिकटिकत होतं. टिकटिक सरळ चालत नव्हती. मध्येच थांबायची, मग दोन ठोके घाईनं यायचे. नखांत पिवळा रंग तसाच होता. डॉक्टर एक तरुण बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलं आहे, म्हणाल्या, त्यामुळे स्नायूंत जोर नाही आणि हृदयाचे ठोके चुकताहेत. असंच राहिलं तर हृदय थांबू शकतं. सलाईनमधून भरून काढायला घेतलं होतं. मग त्यांनी वहिनीला विचारलं, यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत?

मी सांगणार होते की काही नाहीत. तेवढ्यात वहिनीनं पर्समधून एक पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. रक्तदाबाची गोळी, लघवीवाटे पाणी काढणारी. तीन महिने चालू होती. डोकं दुखायचं, पाय सुजायचे, म्हणून दोघं घरापासून लांबच्या एका डॉक्टरांकडे गेले होते आणि गोळ्याही तिकडूनच आणत होते, माझ्या समोरच्या दुकानातून नाही. वहिनी माझ्याकडे न बघता हे सगळं सांगत होती. मला समजायला फार हुशारी लागली नाही. माझ्या विनोदाला भिऊन माझा भाऊ गोळी चोरून घेत होता.

पाणी काढणारी गोळी चालू असेल तर ज्येष्ठमध चुकूनही नाही, हे वाक्य मी दुकानात दिवसातून दोनदा तरी बोलते. दोन्ही मिळून पोटॅशियम उपसून काढतात.

डॉक्टरांनी वहिनीला अर्ज भरायला खालच्या खिडकीपाशी पाठवलं. मग त्या दादाकडे वळल्या आणि म्हणाल्या, एवढ्याशा गोळीनं पोटॅशियम इतकं खाली जात नाही, आणखी काही घेता का? घरगुती काही? जडीबुटी, चूर्ण, काढा?

“नाही,” दादा म्हणाला. “काही नाही.”

बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी पलंगाच्या पायाशी उभी होते, डॉक्टरांपासून दोन हातांवर. मी मूग गिळून उभी राहिले. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या दुसऱ्या रोग्याकडे गेल्या.

त्या गेल्यावर मी वाकून विचारलं, खोटं का बोललास? त्याचा आवाज बारीक झाला होता, शब्द अर्धवट येत होते. म्हणाला, दुकानावर बालंट येईल. बाबांची चाळीस वर्षं आणि तुझी तीस. माझ्या पोटामुळे ती जायला नकोत. आता नाही घेणार, म्हणजे झालं की नाही? एवढं बोलून तो दमला आणि त्यानं डोळे मिटले.

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तिथे मी चाळीस मिनिटं बसले. समोर भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून नक्की सांगते आहे. त्या चाळीस मिनिटांत माझ्या मनात जे आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, पण इथे सांगते. मला वाटलं, सलाईन लावलंच आहे. पूड आजपासून बंद. मग कारण कळलं काय आणि न कळलं काय, तो बराच होणार. पाटी लावून लोकांना तीन-तीन प्रश्न विचारणारी बाई स्वतःच्या भावाला आठ महिने न विचारता पुड्या देत होती, हे समोरच्या औषधवाल्याला कळलं तर? त्या चौकशी खात्यावाल्या बाईंना कळलं तर? माझा भाऊ आत मरणाच्या दारात होता आणि मी लोक काय म्हणतील याचा हिशेब करत होते. मला माझीच किळस आली, तरी मी उठले नाही.

उठवलं मला दादाच्या पिशवीनं. वहिनी खालून आली ती कामावरच्या माणसांनी आणून दिलेली पिशवी घेऊन. सांभाळा म्हणून तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली आणि आत गेली. आत दोन ब्रश, पत्र्याची पट्टी, फडकं, डबा. आणि तळाशी रबर लावलेला कागदांचा गठ्ठा. दादाचा एक नियम आहे: छटा आधी कागदावर लावून, वाळवून बघायची, मगच भिंतीला हात लावायचा. त्यासाठी तो रद्दी जमवतो. रबर काढलं तर सगळ्या माझ्या पुड्या होत्या. घड्या उलगडून, हातानं सपाट केलेल्या. प्रत्येकीवर रंगाचा एक पट्टा, खाली घराचा पत्ता आणि तारीख. बदामी, फिकट निळा, राखी. पहिल्या तारखा आठवड्याच्या अंतरानं होत्या. पाचव्या महिन्यापासून दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या. दोन चमचे मी सांगितले होते, त्यानं त्याचे अडीच-तीन केले असणार. शेवटच्या पुडीवर जिन्याचा पिवळा होता, तारीख कालची.

जी तारीख लिहायला बाबांनी मला शिकवलं ती मी एकाही पुडीवर घातली नव्हती. माझ्या भावानं प्रत्येकीवर घातली होती, भिंतीच्या काळजीपोटी. बाकी कागद कोरा होता. नाव नाही, माप नाही, बंद कधी ते नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मी गठ्ठा घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले.

उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. माझं दुकान आहे, ज्येष्ठमध मी दिलं, एवढे दिवस दिलं, एवढं दिलं. डॉक्टरांनी पुड्या टेबलावर तारखांप्रमाणे मांडल्या आणि बोटानं महिने मोजले. मग कुणाला तरी हाक मारून दोन सूचना दिल्या. गोळी लगेच बंद. पोटॅशियमची मात्रा वाढवायची, रक्त दर दोन तासांनी तपासायचं. मला म्हणाल्या, मुळीनं आधी रक्तदाब वाढवला आणि पाय सुजवले असतील. त्यावर उपाय म्हणून ही गोळी आली आणि तिनं उरलंसुरलं पोटॅशियम काढून नेलं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं माहीत नव्हतं. दुसरी डॉक्टर म्हणजे मी, असं त्या सरळपणे धरून चालल्या होत्या. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. मुळीचा असर काही आठवडे टिकतो, म्हणाल्या, म्हणजे आज भरून काढलं तरी उद्या पुन्हा गळणार, आणि कारण माहीत नसतं तर आम्ही उद्या त्यांना घरी सोडण्याचा विचार केला असता.

पुड्या परत देताना त्यांनी विचारलं, “मी त्यांना विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना?”

“होते,” मी म्हटलं.

त्यांनी दुकानाचं नावही विचारलं नाही. फक्त मी दारापर्यंत गेल्यावर विचारलं, अशा कोऱ्या पुड्या आणखी कोणाकोणाला देता? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एकेक माणूस डोळ्यांपुढे यायला लागलं. मावशी. शेजारचा शिंपी, ज्याला मी भाऊ मानते. माझी बालमैत्रीण, जिला मूत्रपिंडाचा त्रास आहे. परक्यांना मी काळजी विकत होते आणि माझी म्हणावीत अशा सगळ्यांना कोऱ्या पुड्या देत होते. त्यांच्याकडे उद्या सकाळपासून एकेक करून जायचं ठरवलं.

साडेपाचच्या सुमाराला यंत्राची टिकटिक थोडी सरळ झाली. खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. वहिनी त्याचे पाय दाबत बसली होती. मी दोघांनाही सांगितलं की डॉक्टरांना मी सगळं सांगून आले. दादानं लांब श्वास सोडला. वहिनी म्हणाली, बरं केलंत. मीठ-भाजीची आठवण तिनं काढली नाही, मला मात्र ती आठवली. मी तिला म्हटलं, वहिनी, त्या दिवशी तुम्ही बरोबर विचारलं होतंत आणि मी उर्मटासारखी बोलले. तिनं मान हलवली आणि पाय दाबत राहिली.

मग मी स्टूल ओढून दादाच्या उशाशी बसले. इतका उशीर झाल्यावर त्याला काही अर्थ होता की नाही कोण जाणे, पण माझ्याच्यानं राहवलं नाही.

“दादा,” मी म्हटलं, “कोणासाठी हवं आहे?”

थट्टा करते आहे की काय ते त्यानं एक डोळा उघडून बघितलं. माझा चेहरा पाहून दुसराही उघडला.

“माझ्यासाठी,” तो म्हणाला.

“सोबत काय चालू आहे?”

त्यानं एकेक सांगितलं. ती गोळी. शिवाय दुपारी कामावर पाण्यातून सोडा, जवळजवळ रोज. सोड्याचं वहिनीलाही ठाऊक नव्हतं. तिचे हात थांबले. राहिला तिसरा प्रश्न. तो ओठांवर आला आणि विचारण्याआधीच मला पट्ट्याची तीन भोकं दिसली, घासामागून पाण्याचा घोट दिसला, भिजवलेली भाकरी दिसली. माझा सासरच्या जावयाचा विनोद ऐकू आला.

“घास अडकतो का?”

दादा छताकडे बघत होता. कुठल्याही खोलीत गेला की तो आधी छत बघतो, पोपडे कुठे आलेत ते.

“अडकतो,” तो शेवटी म्हणाला. “इथे, मधे. आधी भाकरीचा अडकायचा. आता भाताचाही अडकतो.”

“कधीपासून?”

“पहिली पुडी नेली त्याच्याही आधीपासून.”

वहिनीनं तोंडावर हात दाबून धरला. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? माझा आवाज चढला होता, पलीकडच्या पलंगावरचा माणूस वळून बघायला लागला. दादानं माझा हात धरला. त्याच्या पकडीत जोर नव्हता.

“पाटी मीच रंगवली ना, पुडी,” तो म्हणाला. “खालची ओळ पाठ आहे मला. मला ते डॉक्टर, ते नळी घालणं, काही नको होतं. भीती वाटायची. पण तू विचारलं असतंस तर तुझ्याशी खोटं बोलता आलं नसतं. दर बुधवारी वाटायचं, आज विचारणार. आणि तू विचारायची नाहीस. मग घरी जाताना वाटायचं, एवढी जाणती माझी बहीण, तिला काही वाटत नाही, म्हणजे तसं काही नसणार.”

मी हात सोडवून घेतला, कारण मला तो लागणार होता. गठ्ठ्यातली जिन्याच्या पिवळ्या पट्ट्याची पुडी काढली, उलटी केली आणि कानामागची पेन्सिल घेतली. वर त्याचं नाव लिहिलं. सोबत काय चालू आहे ते लिहिलं, सोड्यासकट. बंद करायच्या तारखेच्या जागी आजची तारीख घातली. त्याखाली लिहिलं, घास अडकतो, आठ महिन्यांहून जास्त, वजन उतरलं आहे. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं. ती पुडी घेऊन मी डॉक्टरांना शोधायला निघाले.